कोरडी छत्री

"आत्ताच आले हो."

सकाळी दूध घ्यायला मी गेटपाशी गेले की भिंतीबाहेरच्या जुन्या व्हॅनचं सरकतं दार करकरत उघडायचं आणि काकू खाली उतरायच्या. खांद्याला पर्स, हातात छत्री, केसांचा घट्ट अंबाडा. एका हाताने दार लावता लावता दुसऱ्या हाताने व्हॅनच्या छपरावर दोनदा थापटायच्या, दंगा करणाऱ्या वर्गाला गप्प करावं तसं. मग माझ्याकडे वळून, "आत्ताच आले हो, सईच्या आई. टिटवाळ्याहून निघायलाच उशीर झाला आज."

"हो का? या, या," मी म्हणायची.

आमच्या कल्याणला पाऊस लागला की गेटापासून रस्त्यापर्यंत घोटाभर पाणी साचतं. तशा पावसातही काकूंची छत्री कोरडी असायची. नीट घडी घालून, पट्टा लावून, दुकानातून आणल्यासारखी. चपला कोरड्या, साडीचा काठ कोरडा.

तुम्हीही गेटवर उभं राहून माणसं बघणाऱ्यांपैकी असाल तर एवढ्यावरून तुम्हाला कळलंच असेल. आम्हालाही कळलं होतं. काकू कुठूनही येत नव्हत्या. त्या व्हॅनमध्येच राहत होत्या.

मी सोसायटीची सेक्रेटरी आहे. मला याद्या लागतात. कामं लिहायची, करायची, खोडायची. काकूंची नि माझी ओळख झाली तीसुद्धा यामुळेच. आमच्या बिल्डिंगमधली पोरं त्या त्यांच्या व्हॅनमधून शाळेत न्यायच्या. माझी सई त्यांच्याकडे शिशुवर्गापासून. दार उघडून त्या प्रत्येकाला विचारायच्या, "डबा? बाटली? ओळखपत्र? नाक पुसलं?" चारही उत्तरं मिळाल्याशिवाय पोराला आत घेत नसत. मी मनात म्हटलं, ही बाई आपल्यातली आहे.

नवरा गेल्यावर त्यांनी त्याच्या जागी स्टिअरिंग धरलं होतं. स्टेशनच्या पूर्वेला एका जुन्या इमारतीत त्यांची खोली होती. इमारत धोकादायक ठरली, पाडली, आणि नव्या इमारतीचं काम पायाशीच अडकून बसलं. त्याच सुमारास व्हॅनही शाळेच्या गाड्यांना ठरवून दिलेल्या वयात बसेना, शाळेने नवी गाडी लावली. काकू एक दिवस व्हॅन घेऊन आल्या आणि आमच्या भिंतीबाहेर, म्हात्रेकाकांच्या मोकळ्या पट्ट्यावर ती उभी केली. म्हणाल्या, "नणंदेकडे राहते मी, टिटवाळ्याला. तिथे गाडी लावायला जागा नाही. इथे आले की बरं पडतं. साड्यांना फॉल लावून देईन, बायका ओळखीच्या आहेत."

तेव्हापासून व्हॅन हे त्यांचं दुकान. आतले लांब बाक, एका बाकावर साड्यांचे गठ्ठे, डॅशबोर्डवर बुद्धाची छोटीशी मूर्ती. दार उघडं ठेवून त्या पायरीवर पाय सोडून बसायच्या नि फॉल लावायच्या. टाके इतके बारीक की उलट्या बाजूने शोधावे लागायचे.

म्हात्रेकाका म्हणजे या जमिनीचे मूळ मालक. आमची बिल्डिंग उभी आहे तिथे त्यांची भातशेती होती. आता ते आमच्याच तळमजल्यावर राहतात आणि सकाळ-संध्याकाळ खुर्ची टाकून त्या उरलेल्या पट्ट्यावर नजर ठेवतात. काकू व्हॅनमध्येच राहतात हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी सरळ त्यांच्याकडे गेले. माझ्या मते अशी गोष्ट बोलून, सोडवून टाकावी.

"काका, काकूंचं काय करायचं?"

"कला करायचा? कशाला?"

"त्या राहतात हो तिथे."

म्हात्रेकाकांनी तंबाखू मळली, झाडली, गालात धरली. मग म्हणाले, "ती सांगत नाय, आपून इचारत नाय. झाला. तुना काय तरास हाय गो, सेक्रेटरीनबाय?"

मला त्रास नव्हता. मग मी माझ्या परीने व्यवस्था लावली. सोसायटीच्या ऑफिसच्या बाजूच्या बाथरूमची दुसरी किल्ली करून घेतली आणि ती काकूंकडे दिली. "दुकानात बायका येतात, लागते कधी कोणाला." वॉचमन रामशरणला सांगितलं की काकूंना गाडी धुवायला रोज दोन बादल्या पाणी द्यायचं. ती गाडी कोणी कधी धुतलेली पाहिली नाही. रामशरणनेही विचारलं नाही. रोज सकाळी बादल्या भरून ठेवायचा.

एकदाच घोटाळा होता होता वाचला. रात्रभर पाऊस झाला होता, रुळांवर पाणी होतं आणि टिटवाळा-कसाऱ्याच्या बाजूच्या सगळ्या लोकल गाड्या बंद होत्या. सकाळी दार करकरलं, पर्स आली, कोरडी छत्री आली. "आत्ताच आले हो. टिटवाळ्याला ही गर्दी!"

माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, पण गाड्या तर..."

काकूंचा हात छपरावर थापटायला गेलेला तसाच राहिला. त्यांचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. पाठांतर चुकलेल्या पोरासारखा झाला होता.

"रिक्षान आली आसल ती," मागून म्हात्रेकाका म्हणाले. "शेअर रिक्षा चालू हायत ना. मीच बघितल्या."

"हो, हो. शेअर रिक्षा," काकू म्हणाल्या. "भलती हलवतात हो."

"खड्डं केवरं परलंत," काका म्हणाले आणि खड्ड्यांवर बराच वेळ बोलत राहिले.

खरी परीक्षा मात्र गळतीने घेतली. व्हॅन जुनी, छपराचा पत्रा कुजलेला, खिडक्यांची रबरं सुकून तडकलेली. पहिल्या पावसाळ्यातच पाणी आत यायला लागलं. काकूंनी छपरावर फ्लेक्स टाकला. आमच्या नाक्यावर बारा महिने कोणा ना कोणा भाऊंचा वाढदिवस असतो. झाला की ते फ्लेक्स उतरतात आणि ज्याला हवा तो नेतो. तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या बाल्कनीतून खाली पाहिलं की गॉगल लावलेले भाऊ पावसात उताणे पडून आभाळाकडे बघत हसत असायचे.

"यंदा कोण आहे डोक्यावर?" मी विचारायची.

"यंदाचे भाऊ पातळ निघाले," काकू म्हणायच्या. "मागचे जाड होते. दोन पावसाळे टिकले बिचारे."

भाऊंना न जुमानता पाणी यायचंच. पण काकूंचं त्या गळतीशी वागणं बघण्यासारखं होतं. त्यांनी प्रत्येक गळतीला नाव दिलं होतं. ज्या जागी जे पोर बसायचं त्याच्या डोक्यावरच्या गळतीला त्याचं नाव. पुढच्या दाराशी गळायचा तो रोहन, धसमुसळा. मधल्या बाकावर दोन थेंब पाळीपाळीने पडायचे, ते कुलकर्ण्यांचे जुळे. "एक गप्प झाला की दुसरा सुरू. तेव्हाही असंच." आणि मागच्या खिडकीच्या कोपऱ्यात बारीक, सतत, न थांबणारी धार, ती माझी सई.

"सई का?"

"रडकी नव्हती का तुमची? शाळेपर्यंत मुळूमुळू. कारण विचारलं तर सांगायची नाही."

आणि प्रत्येक गळतीखाली डबा. पोरांनी व्हॅनमध्ये विसरलेले, नंतर कोणी मागायला न आलेले डबे काकूंनी जपून ठेवले होते. रोहनखाली रोहनचा, जुळ्यांखाली जुळ्यांचे. सईखाली सशाचं चित्र असलेला गुलाबी डबा. तो हरवला म्हणून मी तिला केवढी बोलले होते.

इथवर सगळं हसण्यासारखं होतं. मग सईचा साखरपुडा ठरला.

सई आता ठाण्यात माजिवड्याला नोकरी करते. उंच इमारतीतल्या काचेच्या ऑफिसात बसते. तिच्या साखरपुड्याची मोरपंखी रेशमी साडी मी फॉल लावायला काकूंकडेच दिली. दुसरीकडे द्यायचा प्रश्नच नव्हता. दोन दिवसांनी काकू स्वतः वर आल्या. एरवी त्या कधी आमच्या घरात येत नसत. दारातच उभ्या राहिल्या, साडी छातीशी धरून.

"सईच्या आई, बघा." त्यांनी निऱ्यांचा भाग उलगडला. पाण्याचा डाग होता, कडा उठलेला, तळहाताएवढा. "भाऊ फाटले. मी खाली प्लास्टिक घातलं होतं हो. तरी सईनं केलंच."

सई घरात होती. ती आली, डाग बघितला आणि हसायलाच लागली. "म्हणजे मीच माझ्या साडीवर रडले?"

काकू हसल्या नाहीत. "तू नेसशील गं. पण आता कोण देईल मला साडी? बायका म्हणतील, काकूंकडे ओल येते. एकदा म्हणाल्या की संपलं."

आणि काकू न बोललेलं पुढचं मला ऐकू आलं. साड्या बंद झाल्या की दुकान बंद. दुकान बंद झालं की रोज सकाळी टिटवाळ्याहून 'यायला' कारण उरणार नाही.

मी म्हटलं, "रविवारी गाडी दुरुस्त करायची. माझ्यावर सोडा."

"मला थोडं आवरायला वेळ द्या फक्त," काकू म्हणाल्या. "साड्यांचा पसारा आहे."

रविवारी पाऊस उघडला होता. मी सिलिकॉनच्या नळ्या, डांबरी पट्टी, गॅरेजमधून आणलेली खिडक्यांची रबरं, कात्री, जुनी फडकी असं सगळं घेऊन उतरले. म्हात्रेकाकांनी शिडी दिली आणि खुर्चीतून हुकूम सोडायला सुरुवात केली. रामशरण बागेचा पाइप घेऊन छपरावर पाणी मारणार आणि मी आत बसून गळती टिपणार, असं ठरलं.

मी पहिल्यांदाच व्हॅनच्या आत, दार ओढून बसले, काकू शेजारी. काकूंनी असं आवरलं होतं की तिथे कोणी राहत असेल असं शपथेवर सांगता आलं नसतं. अंथरूण नाही, भांडी नाहीत. बाकाखाली एक पत्र्याची ट्रंक, तिच्यावर कुलूप. सगळा संसार त्या ट्रंकेत गेला असणार. फक्त एक गोष्ट राहून गेली होती. डॅशबोर्डवर, मूर्तीच्या शेजारच्या पेल्यात, दात घासायचा ब्रश उभा होता.

काकूंनी तो त्याच क्षणी पाहिला, आणि मी पाहिला हेही पाहिलं. मी हातातलं फडकं सहज टाकल्यासारखं त्या पेल्यावर टाकलं आणि ओरडले, "रामशरण, मार पाणी!"

"मॅडम, और मारूँ क्या?"

"मार, मार!"

दुपारपर्यंत रोहन बंद झाला, जुळे बंद झाले. सईने खूप दमवलं. पाणी पुढच्या कॅरियरच्या बोल्टमधून शिरून पत्र्याखालून मागे येत होतं. तीही शेवटी थांबली. रामशरणने अर्धा तास पाइप धरून ठेवला, आत एक थेंब नाही. म्हात्रेकाका म्हणाले, "आता ही गारी खारीन घाला, मचव्यासारखी तरंगत चालल."

मी काम खोडलं. समाधानाने झोपले.

चार-पाच दिवसांनी सकाळी दार करकरलं ते अर्धवटच. काकू उतरल्या नाहीत. मी जाऊन पाहिलं तर त्या बाकावर बसून वर बघत होत्या. सगळ्या छताला पाण्याचे मणी. एका जागी नाही, इकडून तिकडे सगळीकडे. मध्येच एखादा ओघळून साड्यांवरच्या प्लास्टिकवर टप् करून पडत होता.

"आता ही कोण?" काकू म्हणाल्या. "ही माझी पोरं नाहीत हो. माझ्या पोरांच्या जागा मला पाठ आहेत."

मी परत शिडी लावली. पुन्हा पट्टी, पुन्हा सिलिकॉन. दुसऱ्या दिवशी पाणी जास्तच. मी इरेला पेटले. पत्र्यातलं सुईएवढं भोकही ठेवलं नाही. तिसऱ्या दिवशी काकूंना खोकला सुरू झाला होता आणि गठ्ठ्यातल्या वरच्या साडीला कुबट वास येत होता.

त्या सकाळी मी बाहेरून खिडकीची काच पुसत होते. पुसली तरी पुसली जाईना. बोट फिरवलं, रेघ उमटेना. मग कळलं, धुकं आतल्या बाजूला आहे. आणि दार उघडलं तेव्हा आतून गरम भाताचा वास आला. काकूंनी घाईने पदर सावरला. त्यांच्यामागे, बाकांच्या मध्ये बांधलेल्या सुतळीवर, ओली साडी आणि परकर लटकत होता. पावसाळ्यातली ओली साडी, चार बंद काचांच्या आत.

हे पाणी बाहेरचं नव्हतंच. काकूंच्या भाताच्या वाफेचं होतं, त्यांच्या धुण्याचं होतं, रात्रभराच्या त्यांच्या श्वासाचं होतं. आधी फटी होत्या, तिथून ते निघून जायचं. मी एकेक फट शोधून बुजवली होती.

उपाय सोपा होता. काचा उघड्या ठेवा, स्वयंपाक बाहेर करा, कपडे बाहेर वाळत घाला. तीन वाक्यं. कोणालाही मी ती धाडधाड सांगितली असती. पण काकूंना ती सांगायची म्हणजे, तुम्ही इथे जेवता, इथे झोपता, हे मला माहीत आहे, असं तोंडावर म्हणायचं. बाईमाणसाचं धुणं रस्त्यावर वाळत दिसलं की टिटवाळ्याची नणंद संपली. म्हणून तर त्या इतकी वर्षं ते आत वाळवत होत्या.

मी म्हटलं, "साड्यांना हवा लागते, काकू. साड्यांसाठी काच दोन बोटं उघडी ठेवत जा." एवढंच जमलं. मग म्हात्रेकाकांच्या खुर्चीपाशी गेले आणि सगळं सांगितलं.

काकांनी यावेळी तंबाखूही काढली नाही. दुपारी चार बांबू आणि निळी ताडपत्री घेऊन आले. रामशरणला हाताशी धरून व्हॅनला लागूनच मांडव घातला आणि त्याखाली भिंतीपासून व्हॅनच्या कॅरियरपर्यंत नायलॉनची दोरी ताणली. काकूंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "आमचे घरान कपरं वालत घालाला जागाच नाय! सगल्यांनी हितं घाला!"

बाकीचं काम माझं होतं. बिल्डिंगमधल्या बायकांच्या ग्रुपवर मी लिहिलं, "कपडे वाळत घालण्याची खाली नवी सोय झाली आहे. रोज दोन घरांनी वापरावी. पाळ्या खालीलप्रमाणे." आणि पाळ्या लावून टाकल्या. आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक घराला बाल्कनी आहे. प्रत्येक बाल्कनीत दोरी आहे. एकीनेही मला विचारलं नाही की कशासाठी. फक्त कुलकर्णी वहिनींनी फोन केला. "घालते हो मी. सुनेचा गाऊन तेवढा नको, म्हात्रेकाका समोरच बसतात."

दुसऱ्या सकाळी पहिली मी उतरले. माझी साडी, चादरी, सईच्या ओढण्या. मग कुलकर्ण्यांचे टॉवेल. मग चौथ्या मजल्यावरच्यांचे युनिफॉर्म. दोरी एक दिवसही मोकळी राहू दिली नाही आम्ही. काकू पायरीवर बसून फॉल लावता लावता त्या कपड्यांच्या रांगेकडे बघायच्या. मांडव झाल्यावर मी एक जुनी शेगडीही तिथे आणून ठेवली, "येणाऱ्याजाणाऱ्यांना चहा करा," म्हणून.

एक दिवस माझ्या चादरीच्या आणि कुलकर्ण्यांच्या टॉवेलच्या मध्ये एक जांभळी सुती साडी दिसली. विरलेली, स्वच्छ, चिमट्यांनी ताठ लावलेली. आमच्यापैकी कोणाची नव्हती. मी चादर काढून घ्यायला गेले तेव्हा काकू सुई ओवत होत्या.

"सईच्या आई."

"काय काकू?"

"तुमच्या बिल्डिंगमधल्या बाल्कन्या लहान आहेत का हो?"

"हो. फार लहान आहेत."

त्यांनी दोरा दाताने तोडला. "हं. लहानच असणार."

छत त्यानंतर कोरडं राहिलं. खोकला गेला. सईने साखरपुड्याला तीच साडी नेसली, डाग निऱ्यांत आत घालून. काकू समारंभाला आल्या, पर्स लावून. दारातच म्हणाल्या, "आत्ताच आले हो." सईने त्यांना वाकून नमस्कार केला आणि हळूच विचारलं, "मी गळत नाही ना आता?"

"नाही गं बाई. मोठी झालीस."

पूर्वेच्या त्यांच्या इमारतीचं काम पुढे कसं हललं ते मला नीट माहीत नाही. पण हललं, आणि एक दिवस काकूंना खोलीचा ताबा मिळाला. त्यांनी आम्हाला सांगितलं ते त्यांच्या पद्धतीने. "नणंदेकडून हलते आता मी. स्वतःच्या घरी." ट्रंक रिक्षात चढली. व्हॅन सुरू होण्यापलीकडे गेली होती, ती भंगारवाल्याने ओढून नेली. जाताना काकूंनी तिच्या छपरावर दोनदा थापटलं.

पट्टा मोकळा झाला. तिथे आता म्हात्रेकाकांचा नातू मोटरसायकल लावतो. मी दूध घेऊन येते आणि अजूनही गेटपाशी क्षणभर थांबते. करकर ऐकू येत नाही, मग वर जाते.

त्या गेल्यानंतरच्या पावसाळ्यातली ही गोष्ट. सकाळपासून धो धो लागला होता. बेल वाजली. दार उघडलं तर काकू. खांद्याला पर्स, एका हातात सईचा सशाचा गुलाबी डबा. "शंकरपाळे केलेत. रिकामा कसा द्यायचा?" साडीचा काठ पोटरीपर्यंत भिजून चिकटला होता, चपला पचपचत होत्या. दुसऱ्या हातात छत्री होती आणि तिच्या टोकावरून पाण्याची धार लागली होती.

"आत्ताच आले हो," त्या म्हणाल्या.

माझ्या घरात ओल्या छत्रीला जागा ठरलेली आहे. दाराबाहेर, बादलीत. सगळ्यांना माहीत आहे, मी पाहुण्यांनाही सांगते. मी काकूंच्या हातातून छत्री घेतली आणि उघडून बाहेरच्या खोलीच्या मधोमध ठेवली. आम्ही चहा घेत बसलो. पाणी फरशीवर पसरत पसरत सोफ्याच्या पायाशी आलं. मी ते पुसलं नाही.